छत्र्यांच्या वाटेने कुंकळ्ळी

पहिला दिवस : म्हार्दोळ, वेर्णे, रायतूर

"यंदा फाल्गुनात मला कुंकळ्ळीच्या छत्र्या दाखवायच्या," असा शब्द मामांनी गेल्या चवथीलाच माझ्याकडून घेतला होता. दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळी गावात देवी वर्षातून एकदा छत्र्यांच्या मिरवणुकीने येते, तो हा सोहळा. मामांचे वय ७८. सगळी हयात मराठी प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेली. आता गुडघे साथ देत नाहीत, पण कुठे जायचे म्हटले की आदल्या रात्रीच पिशवी भरून दाराशी ठेवतात. मी पणजीला नोकरी करते. चार दिवसांची रजा टाकली आणि सकाळी सातला म्हाळसेपुढे नारळ ठेवून आम्ही म्हार्दोळ सोडले.

म्हाळसा मुळात इथली नव्हे, वेर्ण्याची, हे आमच्या घरातल्या मुलांना पाटी हातात येण्याआधीच कळते. साष्टी आणि बारदेस हे दोन महाल १५४३ मध्ये आदिलशहाकडून पोर्तुगीजांकडे गेले. तिसवाडीतली देवळे त्याच्याही आधी पडली होती. साष्टीवर १५६७ साली पाळी आली. रायतूरच्या किल्ल्याचा कप्तान दियोगु रोद्रिगिश शिपाई घेऊन गावागावांतून फिरला आणि एकेक देऊळ जमीनदोस्त करत गेला. जुवारीपलीकडचा अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा, तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता, म्हणून देव तिकडे गेले. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला. फोंड्याची देवळे पाहायला लांबून माणसे येतात, दीपमाळांचे फोटो काढतात. हा सगळा घरदार सोडून आलेल्या देवांचा मुलूख आहे, हे मात्र त्यांना कुणीतरी सांगायला हवे.

बोरीचा पूल ओलांडून आधी वेर्ण्याला गेलो. जुन्या जागी आता म्हाळसेचे नवे देऊळ उभे आहे. मामा पायऱ्यांवर थोडा वेळ बसले, पाणी प्याले, आणि आम्ही रायतूरची वाट धरली.

रायतूरच्या किल्ल्याचे फार काही उरलेले नाही. एक दरवाजा आहे, त्याच्या कमानीखालून रस्ता जातो, आणि वर टेकडीवर सेमिनारीची, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयाची, जुनी दगडी इमारत. मराठी माणसाने इथे यायला हवे, कारण १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' इथे छापले गेले. ते लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स मूळचे इंग्रज, जेझुइट या ख्रिस्ती पाद्रींच्या पंथाचे, १५७९ मध्ये गोव्यात आले आणि साष्टीतच त्यांचे आयुष्य गेले. मराठी भाषेची थोरवी सांगणाऱ्या त्यांच्या ओव्या मामांनी वर्षानुवर्षे मुलांकडून पाठ करून घेतल्या. आजही दरवाज्याच्या सावलीत उभे राहून त्यांनी दोन ओव्या म्हटल्या, एकही शब्द न अडखळता.

मग मी त्यांना सांगितले की १५८३ साली कुंकळ्ळीला मारल्या गेलेल्या पाच जेझुइटांचे देह मिळवायला पुढे झाले ते हेच स्टीफन्स, आणि ते देह आणले ते इथेच, रायतूरच्या चर्चमध्ये. मामांना हे ठाऊक नव्हते. ते बराच वेळ टेकडीकडे बघत राहिले. "म्हणजे मी ज्यांच्या ओव्या शिकवल्या, त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं," एवढेच म्हणाले. मडगाव येईपर्यंत गाडीत आम्ही बोललो नाही.

दुसरा दिवस : कुंकळ्ळी, असोळणे

कुंकळ्ळीत मामांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी उतरलो. गांवकराचे, म्हणजे गाव वसवणाऱ्या मूळ कुळांपैकी एकाचे घर, पुढे सोपा, मागे माड आणि काजू. विद्यार्थी स्वतः साठीचा. पण मामा दिसताच वाकून नमस्कार केला आणि त्यांच्यासमोर खुर्चीवर काही बसला नाही.

सकाळी त्याने पहिल्यांदा आम्हाला परसात नेले. काजूच्या झाडाखाली कमरेएवढी एक रोयण होती, म्हणजे आपण वारूळ म्हणतो ते. तांबड्या मातीचे पाचसहा सुळके, मधला सर्वांत उंच. पायथ्याशी अबोलीची ताजी वेणी आणि तेलाची पणती. माती इतकी बारीक की बोट लावले तर रेशमासारखी लागते, आणि तरी कुदळ सहज शिरणार नाही अशी घट्ट. वरच्या टोकाला रात्रीतून चढलेला ओलसर नवा थर दिसत होता, रंगाने जरा गडद. घरातली सून रोज सकाळी पाणी शिंपडते आणि मगच चुलीकडे वळते.

या प्रांतातली खरी जुनी देवी ती हीच. सातेरी म्हणा, सांतेर म्हणा. देऊळ नको, मूर्ती नको, जमिनीतून आपोआप वर आलेली माती म्हणजे देवी. पुढे पुराणाच्या भाषेत तिला शांतादुर्गा म्हणू लागले, शिव आणि विष्णूचे भांडण सोडवणारी. पण गावकऱ्याच्या मनात ती अजून गावाची माती आहे, गावाच्या सीमेची राखणदार आहे. १५८३ साली जे घडले ते समजायचे तर ही रोयण आधी बघायला हवी.

कुंकळ्ळी, वेरोडे, असोळणे, वेळ्ळी आणि आंबेली ही साष्टीच्या दक्षिण टोकाची पाच गावे. इथले गांवकर कर द्यायला तयार नव्हते आणि देवळे पाडल्यावर पुन्हा उभारत होते. पोर्तुगीजांनी त्यांच्यावर फौजा पाठवल्या, बागायती तोडल्या, घरे जाळली. या स्वाऱ्यांबरोबर पाद्रीही असत. त्यांतल्या पिएत्रो बेर्नोने देवळे जाळण्यात पुढाकार घेतला. गावाने पूजलेली रोयण फोडली आणि देवाच्या जागी गाय मारली. हे गावातल्या लोकांनी रचलेले नाही. ख्रिस्ती बाजूच्या वृत्तांतातच ते त्याच्या धर्मनिष्ठेचा दाखला म्हणून आले आहे. यजमानाच्या परसात त्या रोयणीसमोर उभी असताना मला ते वाक्य आठवले आणि अंगावर काटा आला. त्या दिवशी गावाला काय वाटले असेल हे सांगायला दुसरा पुरावा लागत नाही.

आणि आता दुसरी बाजू, तितकीच स्पष्ट. १५ जुलै १५८३, नव्या ग्रेगोरियन पंचांगाने २५ जुलै, या दिवशी साष्टीतल्या जेझुइटांचे प्रमुख रुदोल्फो आक्वाविवा चार सहकाऱ्यांना घेऊन कुंकळ्ळीत आले. चर्चसाठी जागा पाहायची आणि क्रूस उभारायचा असा बेत होता. आक्वाविवा नुकतेच अकबराच्या दरबारातून परतले होते. फत्तेपूर सिक्रीला तीन वर्षे त्यांनी बादशहाशी धर्मचर्चा केली होती. देवळे जाळण्यात त्यांचा स्वतःचा हात नव्हता. त्यांच्यासोबत आल्फोन्सो पाशेको, बेर्नो, आंतोनियो फ्रान्सिस्को आणि फ्रान्सिस्को आरान्या होते. गावातली माणसे तलवारी आणि भाले घेऊन चालून आली आणि त्यांनी पाचही जणांना मारले. पाद्रींच्या हातात शस्त्र नव्हते. देह विहिरीत टाकले. बरोबर आलेला एक पोर्तुगीज आणि १४ देशी ख्रिस्तीही मारले गेले.

या चौदांमध्ये दोघे माझ्या मनातून जात नाहीत. एक दोमिंगो. हा कुंकळ्ळीचाच मुलगा, रायतूरला शिकायला ठेवलेला. गावातली देवळे कुठे आहेत हे त्याने पाद्रींना दाखवले होते. त्याला मारले ते त्याच्या सख्ख्या काकाने. दुसरा आल्फोन्सो, पाशेकोंच्या पूजेत मदत करणारा पोरगा. पाद्रींचे प्रार्थनेचे पुस्तक तो छातीशी धरून होता आणि सोडेना. त्याचे हात तोडले, पळू नये म्हणून गुडघ्यांवर वार केले. तशा अवस्थेत तो दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत होता. मग कुणीतरी त्याला संपवले.

पाच जेझुइटांना १८९३ मध्ये पोपनी 'धन्य' घोषित केले, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी दिली. या दोन पोरांना त्या यादीत जागा मिळाली नाही.

विहिरीच्या जागी आज कपेल, म्हणजे छोटे चर्च आहे. जवळच गांवकरांचे स्मारक. तिथे मी मामांना दोमिंगोची गोष्ट सांगितली. ते स्मारकाच्या कठड्याला धरून उभे होते. म्हणाले, "अगो, दोमिंगो हे तर पाद्रींनी ठेवलेलं नाव. त्याच्या आईने त्याला काय म्हणून हाक मारली असेल?" चाळीस वर्षे हजेरीपट घेतलेला माणूस हा प्रश्न विचारणारच. आमच्या यजमानाने खाली पाहिले. त्याने नंतर मला सांगितले की लहानपणापासून त्याने बंडाची गोष्ट शेकडो वेळा ऐकली, सोळा वीरांची, पण काकाने पुतण्याला मारल्याचे कुणी कधी सांगितले नव्हते.

स्मारक आहे ते सूडानंतरच्या सुडाचे. पोर्तुगीजांनी गांवकर पुढाऱ्यांना तहाची बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले. सोळा जण गेले. आत शिरल्यावर, ना चौकशी ना खटला, त्यांना ठार केले. एक जण शौचकूपाच्या भोकातून खाली नदीत उडी टाकून निसटला आणि पोहत पार गेला, असे कुंकळ्ळीत पिढ्यानपिढ्या सांगतात. मग गावांची जमीन गेली. जी गांवकरी शतकानुशतके गावाच्या सामाईक मालकीची होती, ती राजाने आपल्या माणसांना बक्षीस दिली. पुढे 'कुंकळ्ळीचा कौंट' असा किताबच लिस्बनच्या एका सरदार घराण्यात चालत राहिला. ज्या गावाने कर द्यायला नकार दिला, त्या गावाच्या नावाने समुद्रापार कुणी मिरवत होते, आणि इथला गांवकर आपल्याच शेतात खंड भरणारा कूळ झाला होता. मला तर पुढाऱ्यांच्या हत्येइतकीच ही गोष्ट क्रूर वाटते. माणसे एका दुपारी मेली, जमिनीची जखम मात्र तीनशे-चारशे वर्षे वाहत राहिली. ती आपली पूर्वजांची जमीन परत मिळावी म्हणून गावाने किती अर्ज केले, किती कोर्टे केली, हे यजमान जेवताना सांगत होता. हातातला घास तसाच राहिला होता.

संध्याकाळी असोळण्याला गेलो. किल्ला आता नाही. साळ नदी मात्र तशीच संथ वाहते, बेतूलकडे, समुद्राला मिळायला. काठावर होड्या बांधलेल्या, भरती चढत होती. इथले चर्च हुतात्म्यांच्या राणीचे, म्हणजे मरियेचे, त्या पाच पाद्रींच्या स्मरणाचे. गांवकर पुढारी जिथे मेले त्याच गावात. आत संध्याकाळची प्रार्थना कोंकणीत चालू होती. मामा दाराशी चपला काढून उभे राहिले. एका म्हाताऱ्या बाईने सरकून बाकावर जागा केली आणि हळूच म्हणाली, "बस, बाबा." मामा बसले.

तिसरा दिवस : फातर्पा आणि छत्र्या

पहाटे उठून बाळ्ळीवरून फातर्प्याला. रस्ता चढणीचा, दोन्ही बाजूंना काजूचा मोहोर, हवेत त्याचा गोड, किंचित आंबूस वास. फातर्पा त्या काळी पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर होते, म्हणून कुंकळ्ळीकरांनी देवीला इथे आणून ठेवले. हा मुलूख पोर्तुगीजांकडे आला तो थेट अठराव्या शतकात, आणि तोवर देवळे पाडण्याचा तो काळ मागे पडला होता. देवी आपल्या गावापासून फार लांब गेली नाही. डोंगर ओलांडला की गाव. अंत्रुजात गेलेल्या आमच्या म्हाळसेला परत माहेरी जायला नदी आडवी येते. या देवीने मात्र वाट सोडलीच नाही. देवळात आजही तिचे नाव शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण. राहते फातर्प्यात, ओळख कुंकळ्ळीची.

आणि वर्षातून एकदा, फाल्गुनात, ती आपल्या गावी जाते. त्या सोहळ्याला इथे सत्र्यो म्हणतात. बारा वांगडांच्या बारा छत्र्या. वांगड म्हणजे गांवकरांचे कूळ. ज्या बारा कुळांनी हे गाव वसवले, त्या प्रत्येकाची एक छत्री.

आम्ही वाटेवर एका वळणाशी आधीच जाऊन बसलो, मामांसाठी घडीची खुर्ची घेऊन. आधी ढोलताशे ऐकू आले, डोंगराच्या पलीकडून, कधी जवळ, कधी लांब. मग झाडांच्या वर काहीतरी हलताना दिसले, आणि एकदम वळणावरून पहिली छत्री बाहेर आली. नुसती उंच नव्हे, नाचणारी. छत्री धरणारा ती गरगर फिरवतो, झुकवतो, पुन्हा उभी करतो. तिची झालर वाऱ्यावर भरून येते. गुलाल इतका उधळलेला की समोरच्याचे तोंड दिसेना. माणसांचे केस, भुवया, दात, सगळे लाल. रस्त्याकडेच्या घरांतून बाया तांब्या भरून पाणी आणत होत्या. कुणी नारळ, कुणी ओटी.

एक छत्री आमच्यासमोर थोडी थांबली, तेव्हा मला तिचा दांडा नीट पाहता आला. धरायच्या जागी लाकूड हातांनी घासून काळेभोर, गुळगुळीत झाले होते, जुन्या मुसळासारखे. धरणाऱ्या तरुणाच्या तळव्यांना फोड आलेले होते आणि त्यांवर गुलाल भरला होता. त्याने दम घेतला, कपाळ बाहीला पुसले आणि मागे वळून कुणालातरी हाक मारली. मागून एक पन्नाशीचा माणूस पुढे झाला. गळ्यात बारीक साखळी, तिला क्रूस. त्याने दांडा हातात घेतला, छत्री एकदा कपाळाशी टेकवली आणि उचलली.

यजमान माझ्या कानाशी म्हणाला, "आमचोच तो. आमच्याच वांगडाचो." त्याचे घराणे कधी ख्रिस्ती झाले ते आता कुणी मोजत नाही. धर्म दोन झाले, वांगड एकच राहिले. छत्रीवर त्याचा हक्क आहे आणि तो हक्क कुणी त्याच्याकडून मागूनही घेणार नाही. पलीकडे आणखी दोघे तसेच होते. एकाची म्हातारी आई रस्त्याकडेला हात जोडून उभी होती, गळ्यात जपमाळ.

मला त्या क्षणी दोमिंगो आणि त्याचा काका आठवला. एकाच घरातले दोघे, एकाच वांगडाचे. १५८३च्या त्या दुपारी या गावात हिंदूने ख्रिस्त्याला मारले असे आपण म्हणतो. खरे तर काकाने पुतण्याला मारले. आणि ज्यांनी छत्र्यांची ही प्रथा धरून ठेवली, त्यांना हे आपल्यापेक्षा नीट कळले होते, असे मला मनापासून वाटते. त्यांनी छत्र्या धर्माप्रमाणे वाटल्या नाहीत, कुळाप्रमाणे वाटल्या. हा कुणी बाहेरून येऊन शिकवलेला सलोखा नाही. घरातल्या माणसाला घरातून काढता येत नाही, एवढीच त्यामागची समज. बंडाची गोष्ट सांगताना काहीजण एका धर्माच्या लोकांवर बोट रोखतात. त्यांनी या वळणावर एक तासभर उभे राहावे. ज्याच्यावर बोट रोखायचे तोच छत्री उचलून देवीला तिच्या गावी नेत असतो.

मामा केव्हा खुर्चीवरून उठले मला कळले नाही. ते रस्त्याच्या मध्यापर्यंत गेले होते. त्या पन्नाशीच्या माणसाने छत्री त्यांच्यासमोर झुकवली. मामांनी झालरीला हात लावून तो डोळ्यांना लावला. वरून कुणीतरी त्यांच्या पांढऱ्या केसांवर मूठभर गुलाल टाकला.

मिरवणूक डोंगर उतरून कुंकळ्ळीत गेली. मूळ जागी पूजा झाली, गाऱ्हाणे झाले. संध्याकाळी छत्र्या परत फिरल्या. मला वाटले होते की ही घटका दुःखाची असेल, देवी आपले गाव पुन्हा सोडते म्हणून. तसे काही नव्हते. यजमानाची आई दारात उभी राहून म्हणाली, "यो गो माये, फुडल्या वर्सा यो." सासरी निघालेल्या लेकीला म्हणतात तसे. ढोल डोंगरावर चढत गेले आणि आम्ही सोप्यावर बसून ते ऐकत राहिलो.

चौथा दिवस : जुने गोवे, म्हार्दोळ

परतीची वाट जुन्या गोव्यावरून घेतली. मामांचाच आग्रह. रायतूरला पुरलेले ते पाच जण पुढे जुन्या गोव्यात आणले गेले आणि त्यांचे अवशेष आता से कॅथेड्रलमध्ये आहेत.

रात्री तीन पाणी घेऊनही मामांच्या कानामागे आणि केसांच्या मुळांशी गुलाल राहिलाच होता. कॅथेड्रलच्या उंच, पांढऱ्या भिंतींमध्ये तो फारच लाल दिसत होता. ते एका बाजूला उभे राहिले, हात जोडले. ओठ हलत होते. मला वाटले प्रार्थना करताहेत. जवळ गेले तर स्टीफन्सच्या ओव्या म्हणत होते, त्याच, मुलांकडून पाठ करून घेतलेल्या. शेवटच्या ओवीनंतर थोडे थांबून त्यांनी दोन नावे घेतली, दोमिंगो आणि आल्फोन्सो, हजेरी घेताना घ्यावीत तशी, सावकाश आणि स्पष्ट.

बाहेर ऊन चढले होते. गाडीत बसताना म्हणाले, "वेगात घे गो, म्हाळसेची दुपारची आरती मिळेल."